स्वमग्नतेचे निदान बदलते काय?

१९३८ सालच्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या लहान गावचे एक वकील आपल्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन बाल्टिमोर येथे डॉ. लिओ कॅनर यांच्याकडे आले. मुलाचे नाव डोनाल्ड ट्रिपलेट. येण्यापूर्वी वडिलांनी ३३ पृष्ठांचे टंकलिखित पत्र धाडले होते. मुलाची विलक्षण स्मरणशक्ती, वस्तू फिरवीत बसण्याचा नाद, माणसांविषयीची उदासीनता हे सारे त्यात इतक्या बारकाईने नोंदलेले होते की, या विकाराच्या इतिहासाचे पहिले पान एका बापाच्या हातचे आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

कॅनर यांनी १९४३ साली अशा अकरा मुलांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांतील कित्येकांवर आधी मतिमंदत्वाचा शिक्का बसला होता, तर दोघांना छिन्नमनस्क ठरविण्यात आले होते. निदान पुढे बदलेल काय, हा प्रश्न आज आईबाप धास्तीने वा आशेने विचारतात. परंतु स्वमग्नतेचा जन्मच मुळी बदललेल्या निदानांतून झाला, हे ध्यानात घेतले पाहिजे.

या अकरा जणांचे पुढे काय झाले? १९४२ साली डोनाल्डला गावापासून जवळच एका शेतकरी दांपत्याकडे ठेवण्यात आले. ही माणसे काही मानसशास्त्र शिकलेली नव्हती. मुलाला मोजमापाचे वेड आहे, हे पाहून त्यांनी त्याला विहीर खणावयास लावली आणि तिची खोली सांगावयास सांगितले. तो मक्याच्या ओळी सारख्या मोजीत राही. तेव्हा नांगर हाती देऊन, नांगरता नांगरता मोज, असे त्यांनी सांगितले. मेलेली पाखरे व किडे तो गोळा करू लागला, तर त्यांच्या दफनासाठी जागा नेमून दिली. १९४५ साली कॅनर स्वतः तेथे गेले आणि घोडा जुंपून लांबच लांब तास धरणारा मुलगा पाहून थक्क झाले. वेड तेच होते, पण ते कामाला लागले होते!

१९७१ साली कॅनर यांनी या मुलांचा पुन्हा मागोवा घेतला. डोनाल्ड पदवीधर होऊन बँकेत नोकरी करीत होता. जी मुले सरकारी मनोरुग्णालयांत गेली, त्यांची अवस्था मात्र शोचनीय होती. तेथील प्रवेश म्हणजे जन्मठेपच, अशा आशयाचे उद्गार कॅनर यांनी काढले आहेत.

पुढे निदानाचे नियमच बदलत गेले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या १९८० च्या निदानसंहितेत, पूर्वी लक्षणे होती पण आता पुरेशी नाहीत, अशांसाठी ‘शेष अवस्था’ असे स्वतंत्र सदर होते. १९८७ मध्ये ते गेले. १९९४ साली अ‍ॅस्पर्गर यांच्या नावाचे निदान आले, २०१३ मध्ये तेही स्वमग्नतेत विलीन झाले. मूल होते तसेच, नाव मात्र दुसरे!

परंतु खरोखर मूलच बदलते, असेही आढळले आहे. २०१३ साली डेबोरा फाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ३४ जणांची नोंद केली, की ज्यांचे लहानपणीचे निदान निश्चित होते आणि पुढे लक्षणे मावळली होती. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टन येथील अभ्यासात, एक ते तीन या वयात निदान झालेल्या २१३ मुलांची पाच ते सात या वयात पुन्हा तपासणी झाली, तेव्हा सुमारे ३७ टक्के मुले निकषांत बसली नाहीत. लहानपणीच दैनंदिन व्यवहार बरे जमणारी मुले आणि मुली यांचे प्रमाण त्यांत अधिक होते. उपचारांचे तास आणि हा बदल यांचा स्पष्ट संबंध दिसला नाही. तेव्हा ज्यांचे मूल बदलले नाही, त्या आईबापांनी स्वतःला दोष देण्याचे कारण नाही. उलट, निदान सुटले तरी लक्ष न लागणे, चिंता यांसारख्या अडचणी मागे राहू शकतात. कागद बदलला म्हणून शाळेने आधार काढून घेणे हा मग त्या मुलावर अन्याय ठरतो.

त्याच वर्षी, जून २०२३ मध्ये, डोनाल्ड ट्रिपलेट ८९ व्या वर्षी वारला. वैद्यकाच्या लेखी तो अखेरपर्यंत ‘पहिला रुग्ण’ राहिला. फॉरेस्ट गावाच्या लेखी तो बँकेतला डोनाल्ड होता, गोल्फ खेळणारा आणि देशोदेशी एकटा हिंडून येणारा.