शिक्षकांच्या पेन्शनचा पैसा सांभाळणार कोण? कॅलिफोर्नियात शिक्षकच मत देतात

आपल्याकडे शिक्षक पतसंस्थेची निवडणूक लागली की गुरुजींच्या पॅनेलची चर्चा गावोगाव रंगते. पेन्शनच्या पैशासाठी मात्र अशी निवडणूक होत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ती होते.

तिथल्या सरकारी शाळांतील शिक्षकांचा पेन्शन निधी १९१३ साली सुरू झाला. त्याला थोडक्यात ‘कॅलस्टर्स’ म्हणतात. फक्त शिक्षण क्षेत्राचा असा हा जगातला सर्वात मोठा निधी आहे.

मंडळात कोण?
एकूण १२ विश्वस्त असतात. त्यातले ३ नोकरीत असलेले शिक्षक मतदानाने निवडतात : दोन शाळांचे, एक कम्युनिटी कॉलेजचा. मुदत ४ वर्षे. ५ जण राज्यपाल नेमतात, त्यात एक निवृत्त शिक्षक असतो. उरलेले ४ राज्याचे शिक्षणप्रमुख, कोषाध्यक्ष, हिशेब नियंत्रक आणि वित्त संचालक. म्हणजे निवडून आलेले तिघेच, बहुमत त्यांचं नाही. पण पैसा कुठे गुंतवायचा हे ठरतं त्या टेबलावर ते बसलेले असतात.

मताने फरक काय?
तिथे पेन्शन ठरलेल्या सूत्राने मिळते. ६० व्या वर्षी निवृत्तीची जुनी योजना असेल आणि ३० वर्षे सेवा झाली असेल, तर अंतिम वेतनाच्या ६६ टक्के. या नोकरीवर सरकारची ‘सोशल सिक्युरिटी’ पेन्शन लागू नाही, त्यामुळे सगळी भिस्त याच निधीवर.

पेन्शन ठरलेली असली तरी तुटीची झळ बसतेच. २००८ च्या मंदीत शेअर बाजार पडला, वर्गणीही अपुरी होती. शेवटी २०१४ च्या कायद्याने जुन्या शिक्षकांची पगारातली कपात ८ टक्क्यांवरून १०.२५ टक्क्यांवर गेली. शाळांचा वाटा ८.२५ वरून टप्प्याटप्प्याने १९.१ टक्के झाला.

आपल्याकडे काय?
महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्या बहुतेक शिक्षकांना नवी पेन्शन योजना लागू झाली. त्यात शिक्षकाचे १० टक्के, शासनाचे १४ टक्के. जुन्या पेन्शनसाठी मार्च २०२३ मध्ये संपही झाला. या योजनेचा पैसा ‘एनपीएस ट्रस्ट’च्या देखरेखीखाली असतो. त्याचे विश्वस्त केंद्राचे पेन्शन नियामक प्राधिकरण नेमते. पगारातून दरमहा पैसे कापले जाणाऱ्या गुरुजींना तिथे मत नाही.