२८ जुलै : दक्षिणेचा गोरा सोल-गायक एडी हिंटन

अमेरिकी गिटारवादक, गीतकार व गायक एडी हिंटन यांचे २८ जुलै १९९५ रोजी अलाबामातील बर्मिंगहॅम येथे हृदयविकाराने निधन झाले. वय अवघे ५१. जन्म फ्लोरिडातील जॅक्सनव्हिलचा (१५ जून १९४४), पण वाढले अलाबामातील टस्कलूसात. १९६७ ते १९७१ या काळात अलाबामातल्याच मसल शोल्स या गावच्या ध्वनिमुद्रण स्टुडिओंत ते प्रमुख गिटारवादक होते. पर्सी स्लेज यांचे 'कव्हर मी' त्यांनी मार्लिन ग्रीनसोबत लिहिले. डस्टी स्प्रिंगफील्डचे 'ब्रेकफास्ट इन बेड' डॉनी फ्रिट्ससोबत. हे गाणे पुढे रेगेच्या ठेक्यावरही गाजले, तरी गीतकाराचे नाव किती जणांना ठाऊक असेल?

'व्हेरी एक्स्ट्रीमली डेंजरस' (१९७८) हा त्यांचा अल्बम आवर्जून ऐकावा असा. बॅरी बेकेट निर्माता, साथीला मसल शोल्सचेच कसलेले वादक. कृष्णवर्णीय सोल-गायक ओटिस रेडिंगची आठवण करून देणारा खरखरीत, फाटका आवाज. खाली रॉकची धारदार गिटार, मागे ब्रास. गायक गोरा आहे, हे नुसते ऐकून ओळखणे अवघडच. पण अल्बम काढणारी कॅप्रिकॉर्न ही कंपनी लगेचच बुडाली आणि अल्बमही तिच्यासोबत गेला. नंतरची वर्षे मानसिक आजार, व्यसन आणि हलाखीची. १९८७चा 'लेटर्स फ्रॉम मिसिसिपी' निघाला तो थेट स्वीडनमधल्या कंपनीकडून!

मृत्यूनंतर जुनी ध्वनिमुद्रणे प्रकाशात येत गेली. २०११ मध्ये 'ड्राइव्ह-बाय ट्रकर्स' या बँडने 'गो-गो बूट्स' अल्बमात त्यांची दोन गाणी घेतली. बँडचे पॅटरसन हूड हे मसल शोल्सचे बेसवादक डेव्हिड हूड यांचे चिरंजीव.