मूळ प्रेत कोणते? : चालत्या मृतांच्या चित्रपटांची पुनर्निर्मिती आणि प्रेक्षकमत

पुनर्निर्मित चित्रपटाविषयी प्रेक्षक जेव्हा मत व्यक्त करतो तेव्हा त्याच्या मनात एक मूळ संहिता उभी असते. ‘जुना अधिक चांगला होता’ किंवा ‘नव्याने जुन्याचा आत्मा घालविला’ ही विधाने त्या मुळाच्या आधारानेच संभवतात. भाषांतरमीमांसेने निष्ठेच्या या कल्पनेची पुरेशी झाडाझडती घेतली आहे. चित्रपटाच्या प्रेक्षकमताला मात्र ती फारशी लागू केली गेलेली नाही. मृतांच्या झुंडी चालवणारा, ‘झोंबी’पट म्हणून ओळखला जाणारा चित्रप्रकार या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. त्याचे मूळ म्हणून जे दाखविले जाते तेच पुष्कळसे उसने आहे आणि मराठी प्रेक्षकापर्यंत, त्यातही कर्जत-खालापूरसारख्या महानगराच्या सीमेवरील प्रदेशातील प्रेक्षकापर्यंत, तो पोचतो तेव्हा तुलनेसाठी उभे राहणारे मूळ वेगळेच असते.

१ ऑक्टोबर १९६८ रोजी पिट्सबर्ग येथे जॉर्ज रोमेरो यांचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ प्रथम दाखविण्यात आला. ‘झोंबी’ हा शब्द त्या चित्रपटात एकदाही उच्चारला जात नाही. हैतीमधील ज्या लोकसमजुतीतून तो शब्द इंग्रजीत आला, तेथे झोंबी म्हणजे मृत्यूनंतरही सुटका न झालेला गुलाम. अमेरिकी फौजांनी १९१५ ते १९३४ या काळात हैती व्यापली असताना विल्यम सीब्रुक यांच्या ‘द मॅजिक आयलंड’ (१९२९) या प्रवासवर्णनाने व पुढे ‘व्हाइट झोंबी’ (१९३२) या चित्रपटाने ती समजूत अमेरिकेत नेली. रोमेरो यांना कल्पना सुचली ती मात्र रिचर्ड मॅथेसन यांच्या ‘आय ॲम लेजंड’ (१९५४) या रक्तपिपासूंच्या कादंबरीवरून, आणि हे ऋण त्यांनी स्वतः मान्य केले आहे. म्हणजे ज्याला अभिजात मूळ म्हटले जाते ते एका कादंबरीचे मोकळे रूपांतर आहे, आणि त्याला नंतर चिकटलेले नाव तिसऱ्याच ठिकाणचे आहे.

याला कायद्याची एक विलक्षण जोड मिळाली. वितरणापूर्वी चित्रपटाचे नाव बदलताना स्वामित्वहक्काची सूचना नव्या शीर्षकपटावर घालावयाची राहून गेली आणि तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार चित्रपट थेट सार्वजनिक मालकीचा झाला. कोणीही त्याच्या प्रती काढाव्यात, विकाव्यात, पुन्हा रचावे. निर्मात्यांच्या हाती फार थोडे लागले. लोककथेला असते तसे हे निनावी स्वातंत्र्य आधुनिक चित्रपटाला क्वचितच लाभते. या चित्रप्रकाराचा झपाटा समजून घेताना प्रतिभेपेक्षा या कारकुनी चुकीकडे अधिक लक्ष द्यावयास हवे.

पहिल्या प्रेक्षकांचे मत कसे होते? समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी जानेवारी १९६९ मध्ये शिकागोच्या एका दैनिकात दुपारच्या खेळाचे वर्णन लिहिले. चित्रपटगृह लहान मुलांनी भरलेले होते. आरंभी त्यांचा नेहमीचा आरडाओरडा चालला होता, शेवटी ती गप्प झाली होती, काही रडत होती. नायक शेवटी वाचतो हा त्यांचा विश्वास चित्रपटाने मोडला होता. ड्वेन जोन्स यांनी साकारलेला तो कृष्णवर्णी नायक रात्रभर मृतांशी झुंजतो आणि सकाळी मदतीला आलेल्या सशस्त्र गोऱ्यांच्या गोळीने मरतो. याच चित्रपटाला १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने आपल्या पडद्यावर स्थान दिले व १९९९ मध्ये तो अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रनोंदीत समाविष्ट झाला. अभिजातता ही नंतरच्या मतांनी दिलेली पदवी आहे, आणि पुनर्निर्मितीला दोष देणारा प्रेक्षक बहुधा या नंतरच्या मताचा वारस असतो.

१९९० मध्ये टॉम साव्हिनी यांनी तोच चित्रपट रंगीत करून पुन्हा काढला. पटकथा रोमेरो यांचीच होती. मूळ चित्रपटात भीतीने मूक होऊन बसणारी बार्बरा येथे बंदूक हाती घेते. हा बदल सुटा पाहिला तर न्याय्य वाटतो. पण मूळ चित्रपटाचा शेवट ज्या वर्णद्वेषाकडे बोट दाखवीत होता तो त्यामुळे बाजूला पडला. ज्यांनी हा चित्रपट अनावश्यक ठरविला त्यांच्या नाराजीचे मूळ बहुधा येथे असावे, जरी बोलण्यात ती मुखवट्यांविषयी आणि रंगांविषयी आली.

खरा वाद पेटला तो २००४ मध्ये. रोमेरो यांच्या १९७८ सालच्या ‘डॉन ऑफ द डेड’ची झॅक स्नायडर यांनी केलेली पुनर्निर्मिती प्रदर्शित झाली आणि तिच्यातील मृत धावू लागले. (डॅनी बॉइल यांच्या ‘ट्वेंटी एट डेज लेटर’मध्ये २००२ सालीच बाधित माणसे धावली होती, पण ती जिवंत होती, हा भेद रसिकांनी काटेकोरपणे जपला.) जुन्या पक्षाचे म्हणणे असे की मृताने सावकाशच चालावयास हवे, त्याचे भय त्याच्या अटळपणात आहे, वेगात नाही. स्वतः रोमेरो याच मताचे होते आणि कुजलेल्या घोट्यांनी धावता येणार नाही, असा त्यांचा विनोदी युक्तिवाद होता. नव्या पक्षाला सावकाश चालणारे मृत हास्यास्पद वाटत.

हा वाद वेगाचा नाही. १९७८ च्या चित्रपटातील मृत एका अवाढव्य बाजारसंकुलात घोळक्याने फिरतात, कारण जिवंतपणी तेथे जाण्याची त्यांना सवय होती. ते इतके सावकाश चालतात की प्रेक्षकाला त्यांचे चेहरे, गणवेश, वये पाहता येतात, आणि आपण त्यांच्यातलेच आहोत अशी शंका येण्याइतका अवकाश मिळतो. रॉबिन वुड या समीक्षकाने १९७९ मध्ये अमेरिकी भयपटाचा अर्थ दडपलेल्याचे पुनरागमन असा लावला तो अशाच चित्रपटांच्या आधारे. जे धावते त्याचा चेहरा दिसत नाही. नव्या चित्रपटात मृतांचा फक्त आकडा उरला. ‘जुना बरा’ म्हणणाऱ्या प्रेक्षकाला मृताची ओळख हरवल्याची खंत होती. ती त्याला नीट शब्दांत मांडता आली नाही इतकेच.

हीच खंत घेऊन मराठीकडे वळले असता प्रथम शब्दच आडवा येतो. मराठी वाचकाला ‘झोंबी’ म्हणजे कुस्तीतील झटापट. आणि आनंद यादवांची १९८७ ची आत्मचरित्रात्मक कादंबरी, जिला १९९० मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शब्द आधीच भरलेला होता. पण शब्दापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की परत येणाऱ्या मृतांची जागाही आधीच भरलेली होती.

आर. ई. एन्थोवेन यांनी १९१५ मध्ये सिद्ध केलेल्या कोकणच्या लोकसमजुतींच्या संग्रहात ही जागा तपशिलाने नोंदविलेली आहे. १९०९ मध्ये नाशिक येथे मारले गेलेले जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांनी गोळा करविलेल्या टिपणांवर तो आधारलेला आहे, आणि त्यातील माहिती पुष्कळ अंशी गावोगावच्या शाळामास्तरांनी प्रश्नावलीला दिलेली उत्तरे आहेत. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, मास्तरही त्यांत आहेत. वेताळ, ब्रह्मग्रह, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, चेडा, झोटिंग, जखीण, लावसट, हडळ अशी ती प्रभावळ आहे. या नोंदी साम्राज्याच्या कुतूहलातून झाल्या हे खरे. तरीही मास्तरांच्या उत्तरांतून एक व्यवस्था डोकावते. मुंज झालेला पण लग्न न झालेला मुलगा मेला तर मुंजा होतो, बुडून मेलेला गिऱ्हा होतो. मरणाचा प्रकार, वय, जात, अपुरी राहिलेली इच्छा यांवरून मृताची संज्ञा ठरते. त्याचे झाड ठरलेले असते, पाणवठा ठरलेला असतो. तो काहीतरी मागतो आणि ते दिले की बहुधा जातो. कोकणातील भूत ही एक व्यक्ती आहे, तिचे काही येणे बाकी आहे. रोमेरोंच्या मृतांना भूक आहे, मागणे नाही.

म्हणून मराठी प्रेक्षक परदेशी मृतांची पुनर्निर्मिती पाहतो तेव्हा निष्ठेची कसोटी तो नकळत गावच्या भुतावर घासतो. साहित्यात या घटनेचे पूर्वरूप नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या लेखनात सापडते. त्यांची ‘लुचाई’ ही स्टीफन किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’ (१९७५) या कादंबरीचे मराठी रूप म्हणून ओळखली जाते. किंग यांची कादंबरी स्वतःच ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’ची (१८९७) अमेरिकी गावात केलेली पुनर्मांडणी. धारपांच्या बहुसंख्य वाचकांनी किंग वाचलेले नव्हते. त्यांच्यापुरते धारपच मूळ. पुढे काहींच्या हाती किंग आले तेव्हा त्यांना ते धारपांसारखे वाटले असल्यास नवल नाही. उसनेपणाचा ठपका धारपांवर उशिरा आणि बहुधा इंग्रजी वाचणाऱ्यांकडून आला. प्रकाशनाचा कालक्रम आणि वाचनाचा कालक्रम यांत समीक्षेने फरक करावयास हवा, तो या ठिकाणी झाला नाही.

मराठीतील पहिला झोंबीपट म्हणून ओळखला जाणारा आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘झोंबिवली’ २६ जानेवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाला. अमेय वाघ, ललित प्रभाकर व वैदेही परशुरामी यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. तो कोणत्याही एका चित्रपटाची पुनर्निर्मिती नाही, पण त्याच्या रचनेचा प्रत्येक भाग प्रेक्षकाने इतरत्र पाहिलेला आहे: दूषणातून पसरणारी बाधा, इमारतीत अडकलेली माणसे, भयाला विनोदाची जोड. पुनर्निर्मिती एका चित्रपटाची नसून अख्ख्या चित्रप्रकाराची आहे. कर्जतच्या प्रेक्षकाला यात एक वेगळी सोय होती. डोंबिवली हे त्याच्या लोकलच्या वाटेवरचे स्थानक आहे. धावत्या झुंडीने प्रवेशद्वार अडवून धरणे हा त्याच्या दृष्टीने कल्पनाविलास नव्हे.

या चित्रपटाने केलेल्या दोन गोष्टी नोंदवावयास हव्यात. त्याच्या प्रचारासाठी गाजलेल्या गाण्याचे शीर्षक ‘अंगात आलंया’ असे आहे. म्हणजे विषाणूच्या बाधेला मराठीने लगेच संचाराच्या भाषेत बसविले. दुसरी अधिक महत्त्वाची. कथेच्या केंद्रस्थानी पाणी आहे: उंच इमारतीचे पाणी आणि शेजारच्या वस्तीचे पाणी. त्यामुळे येथील झुंडीच्या पाठीशी एक थकबाकी उभी राहते. रोमेरोंच्या मृतांना जे नव्हते ते मागणे डोंबिवलीच्या मृतांना मिळाले आणि झोंबी निम्मा भूत झाला. चित्रपट या शक्यतेच्या मागे शेवटपर्यंत जात नाही, विनोद त्याला वारंवार सोडवून नेतो, हा त्याचा दोष मानावा लागेल. तरीही परक्या साच्याचे मराठीकरण जर कोठे झाले असेल तर ते मालवणी किंवा आगरी हेल काढणाऱ्या संवादांत शोधण्याऐवजी या पाण्याच्या हिशेबात शोधावे.

याच दिग्दर्शकाचा पुढला भयपट हिंदीत आला. ७ जून २०२४ रोजी प्रदर्शित झालेला ‘मुंज्या’ झुंड सोडून देतो आणि एन्थोवेन यांच्या संग्रहातील एका नोंदीकडे परततो: मुंज होऊन मेलेला मुलगा, त्याचे झाड, त्याचे अपुरे लग्न. मोठे तारे नसताना त्याला देशभर जो प्रतिसाद मिळाला तो अनेकांना अनपेक्षित होता. या यशाला अनेक कारणे असतील. पण मुंज्याची तुलना कोणी अमेरिकी मुळाशी करू गेले नाही, हे लक्षणीय आहे. जे आक्षेप निघाले ते मुंजा खरोखर कसा असतो याविषयीचे, म्हणजे आजीच्या मुंज्याशी पडद्यावरचा जुळतो की नाही असे. प्रेक्षकमताची कसोटी उघड झाली ती येथे.

कर्जत आणि खालापूर ही नावे या इतिहासात आणखी एका कारणाने येतात. प्रतिकृती हा या परिसराचा आता एक व्यवसाय आहे. कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई (१९६५–२०२३) यांनी २००५ मध्ये उभारलेला एन. डी. स्टुडिओ कर्जतचा म्हणून ओळखला जातो, पण तो आहे खालापूर तालुक्यात, चौकजवळ; ‘जोधा अकबर’साठी (२००८) मोगलांचे महाल येथे प्लास्टर आणि लाकडात उभे राहिले. खोपोलीजवळ २०१३ मध्ये सुरू झालेल्या इमॅजिका उद्यानात ‘मिस्टर इंडिया’ चित्रपटाची सफर आहे आणि ‘सलीमगढ’ नावाची भुताटकीची वास्तूही. तिकीट काढून भिण्याची ही सोय मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकासाठी आहे. त्याच तालुक्यातील मोरबे धरण नवी मुंबई महानगरपालिकेच्या मालकीचे आहे आणि त्याचे पाणी नवी मुंबईस जाते. ‘झोंबिवली’तील पाण्याचा हिशेब ज्याला कळावयाचा त्याला येथे चित्रपट पाहण्याची गरज नाही.

या धरणामागे इर्शाळगड आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या उतारावरील इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. २३ जुलै रोजी शोधकार्य थांबविण्यात आले तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ माणसे बेपत्ता म्हणून नोंदली गेली होती. वृत्तपत्रांतून ती आकड्यांनी पोचली. वाचलेल्यांना मात्र त्यांतील प्रत्येकाचे नाव, घर आणि त्या रात्री तो कोणाकडे झोपावयास गेला होता हे ठाऊक होते. भयपटाच्या चर्चेत या घटनेचा उल्लेख संकोचानेच करावा लागतो. परंतु मृत हा झुंडीतला एक की नावानिशी कोणी एक, हा जो प्रश्न स्नायडर यांच्या पुनर्निर्मितीविषयीच्या वादात घोट्यांच्या आणि वेगाच्या भाषेत विचारला गेला, तो या तालुक्यात महसुली नोंदवहीत विचारला गेलेला आहे. शाळामास्तरांच्या जुन्या उत्तरांत ज्यांची क्रिया राहिली अशा मृतांसाठी स्वतंत्र संज्ञा होत्या. नोंदवहीत त्यांच्यासाठी एकच रकाना आहे, ‘बेपत्ता’.