आलोकविहारातील एक दुपार

श्रीलंकेत एकाच दिवशी आम्ही दंबुल्लची लेणी, मातलेजवळचा आलोकविहार व कँडीचे दंतधातुमंदिर पाहिले. पाली अभ्यासकाने रेंगाळावे ते आलोकविहारात. मुखपाठाने चालत आलेले तिपिटक वट्टगामणी राजाच्या काळी, इ. स. पूर्व पहिल्या शतकात, येथे ग्रंथारूढ झाले, अशी परंपरा आहे. महावंस या लेखनाची नोंद करतो. स्थळ मात्र सांगत नाही. लेखनाची निकड का भासली असेल? समन्तपासादिकेनुसार महाभयाच्या काळी महानिद्देस एकाच भिक्खूला पाठ उरला होता, आणि तोही दुराचारी! महारक्खित थेर त्याच्याकडे शिकण्यास राजी नव्हते. ‘मी जवळ बसेन’ असे महातिपिटक थेरांनी सांगितल्यावर शिकले. पुढे इतर थेरांनी तो ग्रंथ त्यांच्याकडून घेतला. विहारात आजही ताडपत्रावर लोखंडी लेखणीने अक्षरे कोरून दाखवतात. ते पाहता पाहता कँडीला पोहोचण्यास आम्हांस उशीर झाला.