आकार आणि किंमत

जमिनीची किंमत किती, असे चाकूरच्या बाजारात विचारले तर उत्तर एकच मिळेल : घेणारा देईल ती. परंतु तीच जमीन रस्त्यासाठी संपादनात गेली, की निराळीच भाषा सुरू होते. आकार, आणेवारी, जिरायत, वर्ग दोन. हे शब्द जुने आहेत. आणि ते रूढ झाले तेव्हा किंमत सांगणे हे त्यांचे काम नव्हतेच.

चाकूर आज लातूर जिल्ह्यात आहे. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात आणि १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होता. पहिल्या सालारजंगाने १८६५ मध्ये जिलाबंदी करून महसुलाची घडी बसविली. पुढे जमिनीची मोजणी झाली ती मुंबई इलाख्याच्या धर्तीवर. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ नंतर इंदापूर भागात सिद्ध केलेली ती पद्धत अशी : शेताला नंबर द्यावा, मातीची खोली, रंग व दोष पाहून सोळा आण्यांच्या हिशेबाने तिची प्रत लावावी, आणि त्यावरून सारा ठरवावा. मातीची ही प्रत म्हणजे आणेवारी. शेतावर बसलेला सारा म्हणजे आकार.

पुढे आणेवारी या शब्दाला आणखी दोन धनी मिळाले. दुष्काळ ठरविताना पिकाची आणेवारी काढीत. तिला आता पैसेवारी म्हणतात. आणि भाऊबंदांच्या वाटणीत 'चार आणे हिस्सा' असतो, तीही आणेवारीच. कागद वाचणाराने यांतली कोणती, हे प्रथम ओळखावे.

आकार हलका असणे हे एके काळी भाग्य होते. मुंबईच्या पद्धतीत खातेदाराने स्वखर्चाने विहीर पाडली तरी त्यापायी सारा वाढत नसे. पण आज शासनाचे बाजारमूल्य तक्ते, म्हणजे रेडी रेकनर, जिरायत जमिनीचे गट हेक्टरी आकारावरूनच पाडतात. पणजोबाला जो हलका आकार सोयीचा, तोच पणतूला महाग पडतो.

२०१३ च्या कायद्याप्रमाणे संपादनात तक्त्याचा दर, किंवा शेजारच्या तशाच जमिनींच्या तीन वर्षांतील खरेदीखतांपैकी चढ्या निम्म्यांची सरासरी, यांत जे अधिक ते धरतात. पण मुद्रांक वाचविण्यासाठी खतातच किंमत कमी लिहिली असेल, तर ती सरासरीही लंगडी. त्या रकमेवर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते. १८९४ च्या कायद्यात ती पंधरा टक्के होती व १९८४ मध्ये तीस झाली. मूळ आकडाच खुजा असेल, तर दुपटीने तो उंच होत नाही.

वर्ग दोनचा शिक्का याहून कडक. जहागिरी १९४९ मध्ये गेल्या, इनामांसाठी १९५४ चा कायदा आला. तरी मदतमाशसारख्या इनामाच्या पुष्कळ जमिनींवर हस्तांतराची बंधने राहिली. माती तीच, बांध एकच. परंतु नजराण्याच्या धास्तीने अलीकडची जमीन पलीकडच्या भावाने जात नाही.

म्हणून सातबारा केवळ मालकीपुरता पाहू नये. विहीर असेल तर तिची नोंद आहे का, पाण्याखालचे पीक पीकपाहणीत आले आहे का, १९५४-५५ च्या खासरा पत्रकात कोणता हक्क लिहिला आहे, हे नोटीस येण्यापूर्वीच तपासावे. मोजणीदाराने सारा बसविण्यासाठी लिहिलेला आकडा अजून बोलतो आहे. त्याच्याशेजारी आपल्या कष्टाची नोंद नसेल, तर किंमत ठरविताना त्याचेच ऐकले जाते.