सुंदर घर कोणासाठी?

गावात कोणी नवे घर बांधले की ते पाहायला जाण्याची आपल्याकडे रीत आहे. पाहुणा ओटीवरून आत येतो, भिंतींचा रंग, दारांची घडण, स्वयंपाकघरातला ओटा यांवरून नजर फिरवतो, कौतुकाचे दोन शब्द बोलतो आणि परतताना मनाशी एक लहानशी नोंद करून ठेवतो. आपल्याही घरी असे काही करता येईल का? या साध्या, निर्मळ कुतूहलावरच गृहसजावटीची प्रदर्शने आणि देखणी दुकाने उभी आहेत. फरक एवढाच, की तेथे मांडलेल्या घरात कोणीही राहत नसते. पलंग असतो, पण त्यावर कोणी झोपलेले नसते. ताटे मांडलेली असतात, पण जेवणारे नसतात. त्या रिकाम्या घरात स्वतःला कल्पून पाहावे, यासाठीच तर आपल्याला बोलावलेले असते.

अशी घरे मांडण्याची कल्पना कोठून आली आणि तिच्यामागे कोणता हेतू होता, याचा मागोवा घ्यावा असे आम्हांला वाटले. लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८५१ साली भरलेल्या महाप्रदर्शनाला सुमारे साठ लाख लोकांनी भेट दिली, हे सर्वश्रुत आहे. परंतु तो होता जगभरच्या मालाचा आणि यंत्रांचा सोहळा. सामान्य माणसाच्या दोन खोल्या हाच विषय घेऊन प्रदर्शन भरवण्याचा ध्यास ज्या देशांनी घेतला, त्यांत स्वीडनचे नाव अग्रभागी आहे. म्हणून या लेखात आम्ही तेथलीच कथा सांगणार आहोत.

दोन खोल्यांचे प्रदर्शन

आज संपन्न म्हणून ओळखला जाणारा स्वीडन एकोणिसाव्या शतकात गरीब देश होता. १८५० ते १९३० या काळात दहा लाखांहून अधिक स्वीडिश माणसे पोटासाठी अमेरिकेला निघून गेली. जी मागे राहिली, त्यांतील असंख्य कुटुंबे शहरांत कामाला आली आणि एक खोली व एक स्वयंपाकघर एवढ्यात राहू लागली. जागा लहान, माणसे अधिक, आणि त्या गर्दीत श्रीमंतांच्या नक्षीदार फर्निचरची हलकी, कारखान्यात काढलेली नक्कल.

या काळात चित्रकार कार्ल लार्सन आणि त्यांची पत्नी कारिन यांनी सुंडबोर्न गावातील आपले लाकडी घर स्वतःच्या हातांनी सजवले. कारिनबाई स्वतः कापड विणीत, खुर्च्या-टेबलांचे आराखडे काढीत. कार्ल यांनी त्या घराची जलरंगात चित्रे काढली आणि १८९९ मध्ये ती ‘एक घर’ या अर्थाच्या नावाने पुस्तकरूपात प्रसिद्ध झाली. उजळ रंग, मोकळ्या खिडक्या, खेळणारी मुले. थाटमाट कोठेच नाही. स्वीडिश वाचकांना ही चित्रे म्हणजे एक साक्षात्कारच वाटला.

त्याच वर्षी एलेन केय या विदुषीने ‘सर्वांसाठी सौंदर्य’ या अर्थाची एक पुस्तिका प्रसिद्ध केली. केयबाई स्टॉकहोमच्या कामगार संस्थेत सुमारे वीस वर्षे व्याख्याने देत होत्या, त्यामुळे कामगारांची घरे त्यांना परकी नव्हती. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की सौंदर्य ही श्रीमंतांची चैन नाही. जी वस्तू आपले काम नीट करते, जी साधी आणि प्रामाणिक आहे, तीच सुंदर. केवळ लिहून त्या थांबल्या नाहीत. १८९९ मध्येच त्या कामगार संस्थेत एक निळी आणि एक हिरवी अशा दोन खोल्या प्रत्यक्ष सजवून लोकांपुढे मांडण्यात आल्या. प्रवचनापेक्षा नमुना अधिक बोलतो, हे त्यांनी ओळखले होते.

१९१७ : उपाशी शहरातील प्रदर्शन

या बीजाचे झाड झाले ते १९१७ मध्ये. पहिले महायुद्ध चालू होते. स्वीडन तटस्थ असला तरी अन्नधान्याची टंचाई भीषण होती. त्या वसंतात बटाट्यांसाठी आणि पाव-दुधासाठी अनेक शहरांत दंगे उसळले होते. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत, स्टॉकहोमच्या लिल्येव्हाल्क्स या नव्या कलादालनात स्वीडिश हस्तकला संघाने ‘गृहप्रदर्शन’ भरवले. १८४५ साली स्थापन झालेली ही संस्था. कारखानदारांनी कलावंतांना कामावर घ्यावे आणि रोजच्या वापराच्या वस्तू त्यांच्याकडून घडवून घ्याव्यात, असा तिचा आग्रह होता.

प्रदर्शनात तेवीस खोल्या आणि स्वयंपाकघरे मांडलेली होती. सर्व लहान, सर्व अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी कल्पिलेली. पुढे जगद्विख्यात झालेले वास्तुशिल्पी गुन्नार आस्प्लुंड यांनी तेथे एक राहते स्वयंपाकघर मांडले. चुलीपाशीच जेवण, बैठक आणि मुलांचा अभ्यास अशी त्याची रचना होती. कार्ल माल्मस्टेन यांचे साधे, घडीव फर्निचर होते. विल्हेल्म कोगे हे तरुण कलावंत त्याच वर्षी गुस्टाव्ह्सबेर्गच्या चिनी मातीच्या कारखान्यात रुजू झाले होते. त्यांनी या प्रदर्शनासाठी निळ्या लिलीच्या नक्षीची ताटे-वाडगे घडवले. स्वस्त मातीचे, एकावर एक रचून ठेवता येतील असे, रोजच्या जेवणाचे. लोक त्यांना ‘कामगारांची भांडी’ म्हणू लागले.

चाळीस हजारांच्या आसपास लोक प्रदर्शन पाहून गेले. वृत्तपत्रांनी वाखाणले. दोन वर्षांनी, १९१९ मध्ये, संघाचे धुरीण ग्रेगोर पाउल्सन यांनी ‘रोजच्या वापराच्या अधिक सुंदर वस्तू’ या आशयाच्या नावाची पुस्तिका लिहिली. ते शब्द पुढे त्या चळवळीचे घोषवाक्यच होऊन बसले.

आणि तरीही, ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप होता, त्या कामगारांनी ही भांडी घेतली नाहीत. ती घेतली शिक्षकांनी, अधिकाऱ्यांनी, सुशिक्षित मध्यमवर्गाने. ‘कामगारांची भांडी’ कामगारांच्या फळीवर गेलीच नाहीत.

असे का झाले? महागाई हे एक कारण उघड आहे. स्वस्त म्हणून घडवलेली वस्तूही युद्धकाळात गरिबाला महाग पडते. पण आमच्या मते खरे कारण त्याहून खोल आहे. ज्याच्या घरात सोय म्हणून आधीच सारे साधे आहे, त्याला साधेपणाचे अप्रूप कसे वाटावे? सणावारी काढायचे सोनेरी काठाचे एखादे ताट त्याच्या घरी मानाचे असते. त्या ताटाकडे पाहून कोणी सुशिक्षित गृहस्थ ‘हे कुरूप आहे’ म्हणाला, तर त्यात सौंदर्याचा धडा नसतो, अपमान असतो. प्रदर्शन भरवणाऱ्यांचा हेतू निष्कलंक होता यात शंका नाही. त्यांनी कामगारांसाठी खूप विचार केला. पण कामगारांना विचारले मात्र नाही.

पोलाद-काच आणि फुलापानांचे कापड

१९३० च्या उन्हाळ्यात स्टॉकहोमच्या पाण्याकाठी आणखी मोठे प्रदर्शन भरले. पाउल्सन त्याचे प्रमुख, आस्प्लुंड मुख्य वास्तुशिल्पी. पोलाद आणि काचेचे हलके, पांढरे मंडप, रात्री दिव्यांची झळाळी. चार महिन्यांहून अधिक काळात जवळजवळ चाळीस लाख भेटींची नोंद झाली. येथेही स्वस्त सदनिका पूर्ण सजवून मांडल्या होत्या. मात्र यावेळी साधेपणाचा अर्थ बदलला होता : नक्षी नको, जुने नको, यंत्रयुग स्वीकारा! १९१७ चे सहकारी माल्मस्टेन यांनी याला कडाडून विरोध केला. माणसाचे घर म्हणजे यंत्र नव्हे, हा त्यांचा पक्ष. हा वाद स्वीडनमध्ये बरीच वर्षे धुमसत राहिला.

या वादाच्या धामधुमीत एक दुकान मात्र आपल्याच वाटेने चालले होते. एस्त्रिद एरिक्सन या चित्रकला-शिक्षिकेने वडिलांकडून आलेल्या थोड्या पैशांतून १९२४ मध्ये कथलाच्या वस्तूंचे दुकान काढले. त्याचे नावही तेच, ‘स्वेन्स्कत तेन’, म्हणजे स्वीडिश कथील. १९२७ पासून ते स्टॉकहोमच्या पाण्याकाठच्या स्ट्रांडव्हेगन या रस्त्यावर आहे. एरिक्सनबाई दुकानात माल रचून ठेवीत नसत, खोल्या मांडीत. आज जेवणाचे टेबल, उद्या लेखनाचा कोपरा. गिऱ्हाइकाने पाहुण्यासारखे फिरावे, अशी त्यांची दृष्टी.

१९३३ मध्ये व्हिएन्नाचे वास्तुशिल्पी योसेफ फ्रांक स्वीडनला आले. ते ज्यू होते आणि मध्य युरोपात वाढत चाललेल्या ज्यूद्वेषामुळे त्यांनी आपले शहर सोडले होते. पुढल्याच वर्षी ते एरिक्सनबाईंबरोबर काम करू लागले. पोलादी नळ्यांच्या खुर्च्या त्यांना मानवत नसत. घरातल्या वस्तू एकमेकींशी जुळल्याच पाहिजेत असे नाही. ज्या आपल्याला प्रिय आहेत त्या आपोआप एकत्र नांदतात, असे त्यांचे मत होते. महायुद्धाच्या काळात ते न्यूयॉर्कमध्ये राहिले. १९४४ मध्ये एरिक्सनबाईंच्या पन्नासाव्या वाढदिवसाला त्यांनी कापडाची पन्नास नवी नक्षीचित्रे भेट म्हणून धाडली. फळे, पाखरे, वेली यांनी बहरलेली ती कापडे आजही त्या दुकानात मिळतात. एका बेघर झालेल्या माणसाने इतरांच्या घरांना दिलेली ही भेट आहे, हे आठवले म्हणजे त्या फुलापानांकडे पाहण्याची दृष्टी बदलते. अर्थात हे दुकान तेव्हाही महाग होते, आजही आहे. ‘सर्वांसाठी’ हा प्रश्न तेथे सुटला नाही.

विचारणे आणि मोजणे

तो प्रश्न सुटण्याच्या मार्गाला लागला तो प्रदर्शनाच्या मंडपात नव्हे, तर लोकांच्या खऱ्या घरांत. ब्रिटा ओकेरमान या विदुषीने स्टॉकहोममधील दोनशेहून अधिक कुटुंबांच्या राहणीचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये तो पुस्तकरूपाने मांडला. जागा अपुरी असूनही अनेक कुटुंबे एक खोली पाहुण्यांसाठी नीटनेटकी राखून ठेवीत आणि स्वतः स्वयंपाकघरात किंवा एकाच खोलीत दाटीने झोपत. पूर्वीच्या सुधारकांनी याला अडाणीपणा म्हटले असते. पण या लोकांना अब्रूची एक खोली हवी होती, हे समजून घेतल्याशिवाय त्यांच्यासाठी घर कसे आखणार?

१९४४ मध्ये स्वीडनमधील स्त्रियांच्या संघटनांच्या पुढाकाराने गृहसंशोधन संस्था स्थापन झाली. तेथे घरकाम हे शास्त्रीय अभ्यासाचा विषय मानले गेले. भांडी घासताना बाईची पाठ किती वाकते, ओटा किती उंच असावा, चूल आणि मोरी यांत किती अंतर असावे, याची मोजमापे घेण्यात आली. स्वीडिश स्वयंपाकघरांची पुढील प्रमाणे या अभ्यासावर आधारली गेली. काय सुंदर आहे हे सांगण्याऐवजी काय जड जाते हे येथे विचारले गेले. सत्तावीस वर्षांपूर्वी निळ्या लिलीच्या ताटांनी शिकवलेला धडा अखेर कोणीतरी गिरवला होता.

स्वस्ताईची बाजू एका व्यापाऱ्याने सोडवली. इंग्वार कांप्राद यांनी १९४३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, आयकिया ही पेढी काढली. टपालाने फर्निचर विकताना प्रतिस्पर्ध्यांशी किमतीची चढाओढ लागली, तसा सर्वांचाच माल हलका होऊ लागला आणि गिऱ्हाइकाचा विश्वास उडू लागला. तेव्हा १९५३ मध्ये एल्महुल्ट या आडगावात एक जुना सुतारी कारखाना घेऊन त्यांनी फर्निचर मांडले : या, हात लावा, बसून पाहा, मग ठरवा. १९५६ च्या सुमारास टेबलाचे पाय सुटे करून सपाट खोक्यात माल देण्याची युक्ती आली आणि वाहतुकीचा खर्च उतरला. व्यापारी संघटनेने त्यांच्यावर बहिष्कार घातला, कारखानदारांवर दडपण आणले. तेव्हा १९६१ मध्ये त्यांनी पोलंडमधून माल घेण्यास आरंभ केला. सुधारकांना पन्नास वर्षांत जे साधले नाही, ते या दुकानाने साधले. मात्र त्याचीही किंमत आहे. जी वस्तू स्वस्तात येते ती सहज टाकूनही दिली जाते, आणि गावचा सुतार तिच्याशी स्पर्धा करू शकत नाही.

आपल्या अंगणात

ही कथा दूरची वाटेल, पण तिचा धागा आपल्यापर्यंत येतो. १९३७ मध्ये मुंबईच्या टाउन हॉलमध्ये भारतीय वास्तुविशारदांच्या संस्थेने ‘आदर्श घर’ प्रदर्शन भरवले होते. त्या वेळी मुंबईतील बहुसंख्य माणसे चाळींतील एकेका खोलीत राहत होती. १९१७ चा प्रश्न तेथेही उभा होताच : आदर्श, पण कोणासाठी? आणि डिसेंबर २०२० मध्ये एल्महुल्टच्या त्याच पेढीने नवी मुंबईत तुर्भे येथे आपले भव्य दालन उघडले. आपल्या धर्मग्रामांतील तरुण दांपत्ये अशा दालनांत दिवसभर फिरून येतात, यात वावगे काही नाही. पाहिल्याने दृष्टी घडते. शंभर वर्षांपूर्वी निळ्या आणि हिरव्या खोलीने तेच केले.

मात्र जाण्यापूर्वी एक करावे, असे आम्ही सुचवू. घरात रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईला, मग ती आई असो, सासू असो वा सून, विचारावे : या ओट्याशी उभे राहून तुमची पाठ दुखते का? या फळीवरचा डबा हाताला लागतो का? आपल्यापैकी किती घरांत ओट्याची उंची गवंड्याने ठरवली आणि तिथे उभी राहणारी तेव्हा बाहेर चहा करीत होती! ते उत्तर आणि मोजपट्टी हाती घेऊन जो प्रदर्शनाला जाईल, त्याला तेथल्या शंभर वस्तूंतून आपल्या घरची एक वस्तू निवडता येईल. उरलेल्या नव्याण्णव नुसत्या पाहूनही आनंदच होईल.

विल्हेल्म कोगे यांची निळ्या लिलीची ताटे आता वस्तुसंग्रहालयांत आहेत. ती खरोखर सुंदर आहेत.