‘रँग्लर’ हें उपपद आणि केंब्रिजचे महाराष्ट्रीय विद्यार्थी

जुन्या कागदांच्या आमच्या शोधकांची दृष्टि बहुधा शके १७४० च्या अलीकडे उतरत नाहीं. सनदा, महजर, ताळेबंद यांचें मोल आम्हांस कळतें; परंतु त्याच दप्तरांत विलायतेस शिकावयास गेलेल्या मुलाचें घरीं आलेलें पत्र निघालें, तर तें ‘अलीकडचें’ म्हणून बाजूस टाकण्याची चाल अजून मोडलेली नाहीं. भारत इतिहास संशोधक मंडळ इ. स. १९१० सालीं स्थापन झालें तेव्हां पेशवाई बुडून ९२ वर्षें झालीं होतीं. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेंत पहिले आले त्या १८९९ सालास आज १२५ वर्षें पुरीं होऊन गेलीं आहेत. राजवाड्यांस पेशवाईचे शेवटचे कागद जितके जुने होते, त्याहून हे कागद आम्हांस जुने आहेत. हा हिशेब एकदां मनांत बसला म्हणजे पुढील विवेचन विषयांतर वाटणार नाहीं.

आम्ही हें शहाडाहून लिहितों. कल्याणाहून मुरबाडकडे व पुढें नाणेघाटाच्या रोखानें जाणारी वाट येथूनच जाते, आणि १८५५ सालीं लोहमार्ग कल्याणापुढें वाशिंदपर्यंत वाढला तोही येथूनच. ग्रीक नाविकाच्या ‘पेरिप्लस’ ग्रंथांत कल्याण बंदराचें नांव आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणच्या रहिवाशांचीं नांवें आहेत. ज्या खाडींतून पश्चिमेचा व्यापार चाले, त्याच प्रांतीं पुढें समुद्र ओलांडणें पातक ठरावें, हा काळाचा विपर्यासच म्हणावयाचा. याच कल्याणांत १८६५ सालीं जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ सालीं वैद्यक शिकण्यास निघाल्या. त्या गेल्या अमेरिकेंत, फिलाडेल्फियास. म्हणून ब्रिटिश विद्यापीठांच्या या निबंधांत त्यांचें स्थान उंबरठ्यापुरतेंच. तथापि एक गोष्ट येथें नमूद केली पाहिजे. अवघ्या २१ व्या वर्षीं वारलेल्या या बाईंविषयीं आपणांस जें इतकें बारकाईनें माहीत आहे, तें त्यांचीं पत्रें राहिलीं आणि काशीबाई कानिटकरांसारख्या चरित्रकर्तीच्या हातीं लागलीं म्हणून. पत्रें नसतीं, तर पदवीचें एक साल आणि मृत्यूचें एक साल, एवढेंच चरित्र उरतें.

परांजप्यांचें प्रकरण याच काळांतलें. जन्म १८७६, गांव दापोली तालुक्यांतील मुर्डी. धोंडो केशव कर्वे हे त्यांचे आप्त. मुंबईस शिकावयास आल्यावर मुलगा त्यांच्याच आश्रयास राहिला. पुढें पुण्यास फर्ग्युसन कॉलेज, आणि हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ति मिळून १८९६ सालीं केंब्रिजचें सेंट जॉन्स कॉलेज. वेळ कोणती, तें ध्यानांत घ्यावें. पुण्याच्या पंचहौद मिशनांत चहा घेतल्याबद्दल रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य उभें राहिलें, त्यास सहाच वर्षें लोटलीं होतीं. खुद्द कर्व्यांनीं १८९३ सालीं विधवेशीं विवाह केल्यामुळें मुरुडास त्यांवर बहिष्कार पडला होता. चहाच्या पेल्यानें ज्या समाजांत एवढें वादळ उठलें, त्यांतला मुलगा तीन वर्षें इंग्रजाच्या पंक्तीस बसणार होता. अशा मुलाचें घरीं काय लिहिणें होई आणि घरून काय उत्तर येई, हें कोणा रावबहादुराच्या दरबारी पत्रापेक्षां कमी ऐतिहासिक आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां शब्दाकडे वळूं. केंब्रिजच्या पदवीपरीक्षेस ‘ट्रायपॉस’ म्हणतात, आणि गणिताच्या ट्रायपॉसांत पहिल्या वर्गांत येणारा तो रँग्लर. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ तंटेखोर, वाद घालणारा. लेखी परीक्षा रूढ होण्यापूर्वीं तेथील उमेदवारास विद्वत्सभेंत उभें राहून पूर्वपक्ष-उत्तरपक्ष मांडावा लागे, तोही लॅटिन भाषेंत. पुण्याच्या श्रावणमासांतील दक्षिणा ज्यांस ठाऊक आहे, त्यांस हा प्रकार परका वाटूं नये. शास्त्र्यांची पारख करून बिदागी ठरविणें आणि वादांत टिकलेल्यास मान देणें ही रीत आमचीही होतीच; भेद इतकाच, कीं त्यांनीं वाद सोडून कागद धरला तरी नांव जुनेंच ठेविलें. पहिल्या वर्गांतील पहिला तो ‘सीनिअर रँग्लर’. निकाल सिनेट हाउसमध्यें क्रमानें मोठ्यानें वाचीत, आणि पदवी मिळविणाऱ्यांत अगदीं शेवटीं येणाऱ्यास त्याचे सोबती एक अवाढव्य लाकडी पळी बहाल करीत. पहिल्या जागेसाठीं तयारी करून घेणारे खासगी पंतोजी असत. त्यांतील एडवर्ड राउथ याच्या एकट्याच्या हाताखालून पंचविसाहून अधिक सीनिअर रँग्लर निघाले. परीक्षेचें स्वरूप यावरून कळतें: बुद्धीबरोबर घोड्यांच्या शर्यतीची तालीमही लागे.

१८९९ च्या जूनमध्यें परांजपे सीनिअर रँग्लर झाले. येथें एक दुरुस्ती आवश्यक आहे. तो मान त्यांस एकट्यास नव्हता. जॉर्ज बर्टविसल नांवाचा इंग्रज विद्यार्थी बरोबरीच्या गुणांनीं त्याच जागीं होता. आमच्याकडील चरित्रपर लेखांत बर्टविसल बहुधा गळतो. अभिमानाच्या भरांत जोडीदार गाळणें ही बखरकारांची जुनी खोड. ती छापखान्याच्या युगांतही सुटूं नये याचें नवल वाटतें. दुसरें, परांजपे पहिले हिंदी रँग्लर नव्हेत. तो मान १८७४ सालीं बंगालचे आनंदमोहन बोस यांनीं मिळविला. सीनिअर मात्र हिंदी लोकांत परांजपेच पहिले. १९०१ सालीं त्यांस सेंट जॉन्सची फेलोशिपही मिळाली. ख्रिस्ती पंथाच्या प्रतिज्ञेची अट पार्लमेंटानें १८७१ सालीं काढून टाकली नसती, तर कितीही गुण पडून ही दुसरी गोष्ट घडती ना.

१९०२ सालीं ते परतले व फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदाचें वेतन तें किती! गोखल्यांच्या पिढीपासून ७५ रुपयांची रीत पडली होती. धनाची जागा उपपदानें भरून काढली. ‘रँग्लर’ हा शब्द नांवामागें पूर्वीच्या ‘वेदमूर्ति’ किंवा ‘शास्त्री’सारखा बसला, इंग्लंडांत तो परीक्षेच्या यादींतला शेरा होता, मराठींत तो किताब झाला. पुढें गणेश सखाराम महाजनी हेही रँग्लर महाजनीच. गंमत अशी, कीं केंब्रिजनें १९०९ नंतर क्रमवार यादी बंद करून वर्गांतील नांवें वर्णानुक्रमें लावण्यास आरंभ केला. लाकडी पळीही त्याच वर्षीं संपली. शेवटची सेंट जॉन्सच्याच एका विद्यार्थ्याकडे गेली. तिकडे स्पर्धेचा कणा मोडला, इकडे किताबाचें तेज मात्र कमी झालें नाहीं.

कोल्हापूरच्या नारळीकर घराण्यांत तर हें उपपद दोन पिढ्या आलें. विष्णु वासुदेव आणि त्यांचे पुत्र जयंत, दोघेही फिट्झविल्यम हाउसचे. ही संस्था १८६९ सालीं, कॉलेजांचा खर्च न झेपणाऱ्यांसाठीं निघाली होती. तिला पूर्ण कॉलेजाचा दर्जा १९६६ सालीं मिळाला. हिंदी विद्यार्थ्यांचा इतिहास लिहितांना थोर कॉलेजांच्या कमानींपेक्षां असल्या स्वस्त दारांची विचारपूस अधिक केली पाहिजे.

ज्यांस उपपद मिळालें नाहीं त्यांचे कागद अधिकच मोलाचे. नाशिकास १८६६ सालीं जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजांत सर्वांच्या वर आल्या. परंतु स्त्री म्हणून सरकारी शिष्यवृत्ति नाकारली गेली. इतरांच्या मदतीनें त्या १८८९ सालीं ऑक्सफर्डास गेल्या, १८९२ त कायद्याची परीक्षा उतरल्या, आणि पदवी हातीं पडली १९२२ सालीं. परांजप्यांची कन्या शकुंतला १९२९ सालीं न्यूनहॅम कॉलेजांतून गणिताची ट्रायपॉस उतरली, तरी केंब्रिजनें स्त्रियांस पूर्ण पदवीचा अधिकार १९४८ पर्यंत दिला नाहीं. बापाच्या नांवामागें उपपद, आणि मुलीस त्याच विद्यापीठाचें सभासदत्वही नाहीं! भीमराव आंबेडकर १९१६ सालीं लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत सरल्यामुळें पुढल्याच वर्षीं त्यांस अभ्यास अर्धा टाकून परतावें लागलें. वेगळ्या जहाजानें पाठविलेली त्यांची पुस्तकें पाणतीराच्या माऱ्यानें समुद्रांत गेलीं. ते १९२० सालीं पुनः गेले व १९२३ त डी. एस्सी. झाले. बुडालेला ग्रंथसंग्रह कोणास परत आणतां येणार नाहीं. माळ्यावरचा मात्र राखतां येतो.

संग्राहकांस आमची विनंती थोडकी आहे. टपालाचीं तिकिटें जमविणारे पाकिटाचा कोपरा कापून पत्र टाकून देतात; त्यांच्याशीं ओळख ठेवावी. प्रश्नपत्रिका, खाणावळीचीं व फीचीं बिलें, बोटीच्या कंपनीच्या पावत्या, सूचीशिवाय पडलेल्या वह्या, यांस रद्दीच्या काट्यावर जाऊं देऊं नये. आणि पत्र हातीं आल्यास मजकुरापूर्वीं मायना व पत्ता यांची नक्कल उतरून घ्यावी. कोणत्या वर्षापासून घरचीं माणसें ‘चिरंजीव’ सोडून ‘रँग्लर’ लिहूं लागलीं, हें त्या दोन ओळींवरूनच ठरावयाचें आहे.